गर्डरकाका

गाडी पुलावर चढायच्या दोन मिनिटं आधी ज्यांना आपोआप जाग येते, असे एक काका प्रत्येक घराण्यात असतात. आमच्या पोरांनी त्यांचं नाव गर्डरकाका ठेवलंय. वरच्या बर्थवरून आधी पाय लोंबतात, मग चष्मा शोधला जातो, आणि अख्ख्या डब्याला हुकूम सुटतो, "आता ऐका हं!"

ऐकायचा तो धक्का. "हा पुलाचा नव्हे, भरावाचा. माती बसते, पूल बसत नाही. म्हणून शिवेवर गाडी दचकते." समोरचा अनोळखी गृहस्थ मान डोलावतो आणि फसतो. कारण आता पुढचं सूत्र येणार असतं : "उभं वजन वेगळं, चालतं वजन वेगळं!" पोलादी पुलांसाठी रेल्वेच्या नियमांत चालत्या वजनाचा अधिभार ठरलेला आहे. 0.15 अधिक 8 भागिले (मीटरमधली गाळ्याची लांबी अधिक 6). काका तोंडी करतात. 24 मीटरच्या गाळ्याला सुमारे 42 टक्के, 10 मीटरच्या गाळ्याला 65 टक्के. "लहानांनाच धक्के जास्त," म्हणत ते धाकट्या जावयाकडे बघतात. का, ते कुणी विचारत नाही.

काका रेल्वेत होते, असा सगळ्यांचा समज होतो. छे! जन्म विम्याच्या कचेरीत गेला. त्यामुळेच असेल, 'नक्की' हा शब्द त्यांच्या तोंडी नाही. चाक कुठे चपटं झालंय, रूळ कुठे किती दबलाय, डब्यात किती माणसं उभी आहेत, वारा कुठून येतोय, यातलं आगाऊ काय ठाऊक असतं? म्हणून उत्तराला एक आकडा नसतो, पट्टा असतो. सिलेंडर किती दिवस जाईल? "पंचवीस ते चाळीस." घरी कधी येणार? "सात ते साडेआठ." काकू साडेआठला कुकर लावतात. काका सातला येऊन भुकेले बसतात.

मांडवी एक्सप्रेसने रत्नागिरी सोडली की पानवलचा पूल येतो. 64 मीटर उंच! तिथे वारा मोजायचं यंत्र बसवलंय, वारा हाताबाहेर गेला की गाड्या रोखतात. एवढं सांगून थांबावं की नाही? पण नेमका चिवड्याचा डबा उघडलेला असताना काकांना स्कॉटलंडचा टे नदीवरचा पूल आठवतो. 28 डिसेंबर 1879, वादळी रात्र, थॉमस बाउच नावाच्या इंजिनिअरने वाऱ्याचा हिशेबच नीट धरला नव्हता, अख्खी गाडी नदीत. तिथून 1964च्या चक्रीवादळातलं पांबन. समोरच्या बाईंचा घास हातातच राहतो. "ही काय जागा झाली सांगायची?" काकू पुटपुटतात. "हीच तर जागा!"

त्यांचा खरा लाडका विषय मात्र ठेका. डबे सारख्या लांबीचे, म्हणजे पुलाला ठोकेही सारख्या अंतराने. ते पुलाच्या स्वतःच्या कंपनांशी जुळले की प्रत्येक ठोक्याला पूल थोडा जास्त हलतो. "समजा डबा 24 मीटरचा आणि पूल सेकंदाला 4 वेळा थरथरतो. मग धोक्याचा वेग ताशी सुमारे 346 किलोमीटर!"

"तेवढी पळाली असती तर एव्हाना मडगावात जेवत असतो," काकू.

पुतणीच्या लग्नात पंगत गच्चीवर होती, तोवर काका निवांत मठ्ठा पीत होते. बसलेलं वजन, काळजी नाही. मग वरातीतली पोरं बँडसकट वर चढली आणि काका जिन्यातून खाली धावले. मांडवातून हात हलवत ओरडायला लागले, "ठेका चुकवा रे! ठेका चुकवा!"

बँडमास्तरला ऐकू आलं ते एवढंच, की ठेका चुकतोय. त्याने ढोलवाल्यावर डोळे वटारले, आणि पुढचा पाऊण तास सगळी गच्ची एका ठेक्यात नाचत राहिली. मी काकांना पानावर बोलवायला गेलो, तर ते डोळे मिटून खांबाला तळहात लावून उभे.

"थांब जरा, मोजतोय."