सौजन्याची शब्दशः अंमलबजावणी

हल्लीच्या मुलांना वळण म्हणून काही राहिलेले नाही, ही तक्रार तहसील कचेरीत दाखल करून घेण्याची तजवीज असती, तर आमच्या गंगापुरात फेरफाराची आणि सातबाराची कामे बाजूस ठेवून त्यासाठी एक स्वतंत्र कारकून नेमावा लागला असता. आणि त्या कारकुनाने निजामी अमलापासूनची दप्तरे धूळ झटकून बाहेर काढली असती, तर आजचा प्रत्येक फिर्यादी मागच्या रुमालात आरोपी म्हणून बांधलेला त्याला आढळला असता. चावडीच्या ओट्यावर बसून नातवंडांचा उद्धार करणारे एक वयोवृद्ध गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. त्यांचे शिक्षण संस्थानी काळात उर्दूतून झाले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्या वेळी छडी खाण्यापूर्वी गुरुजींना लवून आदाब करावा लागे. अदब ती काय, असे म्हणून ते सुस्कारा सोडतात. छडी मुळात का खावी लागे, एवढा तपशील मात्र त्यांच्या जबानीत कधी येत नाही.

या खटल्यात मुलांचे वकीलपत्र घ्यावे असे मला फार दिवसांपासून वाटत आहे. माझ्या अशिलांचा बचाव अगदी साधा आहे. मुले शिष्टाचाराचे नियम मोडीत नाहीत. उलट ती ते शब्दशः पाळतात, आणि नियम करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ते कोणी शब्दशः पाळील अशी कल्पनाच केलेली नसते.

पाहुण्याने निघताना मुलाच्या हातावर ठेवावयाच्या नोटेचेच पाहा. या एका नोटेभोवती आमच्याकडे जेवढा विधी आहे तेवढा साखरपुड्यातही नसेल. पाहुणे उठतात, 'बरं, येतो' म्हणतात, आणखी अर्धा तास बसतात, पुन्हा उठतात, उंबरठ्याबाहेर येऊन एक पाय चपलेत सरकवतात, आणि मग काही तरी एकाएकी आठवल्यासारखे करून सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घालतात. तो हात खिशात गेलेला घरातल्या सर्वांना दिसतो आणि कोणालाही दिसत नाही. मग नोट बाहेर येते. 'अहो, हे कशाला उगीच!' असे यजमानीणबाईंनी म्हणावयाचे. मुलाने हात पाठीमागे नेऊन 'नको काका' म्हणावयाचे. 'घे रे, खाऊला आहेत, मी काय परका आहे?' असे काकांनी म्हणावयाचे. मुलाने आईकडे पाहावयाचे. आईने मान नकारार्थी हलवून डोळ्यांनी मंजुरी द्यावयाची. आणि दोन्ही पक्षांची पुरेशी ओढाताण झाल्यावर ती नोट मुलाच्या वरच्या खिशात कोंबली गेली, की मुलाने वाकून पाया पडावयाचे. पाहुणे गल्लीच्या वळणावर दिसेनासे होण्यापूर्वी 'इकडे दे, हरवशील' या हुकुमान्वये ती सरकारजमा होते, तो भाग निराळा.

आमच्या नात्यातल्या एका मुलाला त्याच्या आईने एकदा बजावून सांगितले, की कोणीही पैसे देऊ लागले तर नको म्हणायचे, घ्यायचे नाहीत. एवढे स्पष्ट फर्मान निघाल्यावर वैजापूरचे काका आले, जेवले, निघाले, चपलेत पाय सरकवून त्यांनी नोट काढली आणि रीतसर ओढाताण होऊन ती खिशात कोंबलीही गेली. घरच्यांच्या दृष्टीने प्रकरण निकालात निघाले होते. मुलाच्या दृष्टीने ते निघालेले नव्हते. तो अनवाणी धावत सुटला आणि भर बसस्थानकावर, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापाशी चार ओळखीच्या माणसांत उभ्या असलेल्या काकांना गाठून, ती नोट त्यांच्या हातात परत कोंबून मोठ्याने म्हणाला, 'आईने सांगितलंय, तुमचे पैसे घ्यायचे नाहीत!' त्या वाक्यातला 'तुमचे' हा शब्द त्याने पदरचा घातला होता, आणि काकांनी नेमका तोच उचलला. पुढे एका मुंजीत मध्यस्थांनी दोघांना एका पंगतीत बसवीपर्यंत वैजापूरकडून कोणी आमच्याकडे फिरकले नाही. त्या मुलाच्या धाकट्या बहिणीने हा सारा प्रकार लक्षपूर्वक पाहिला होता. पुढचा पाहुणा उठताच, त्याचा हात खिशाकडे जाण्यापूर्वीच, तिने आपला पुढे केला. तिलाही वळण नाही असेच ठरले. म्हणजे घेणे वाईट, न घेणेही वाईट. न घेतल्यासारखे करून घेणे, हा खरा संस्कार, आणि तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही.

शाळेत सौजन्य सामुदायिक असते. गुरुजी वर्गात शिरताच 'एऽक साऽथ नमस्तेऽऽ' असा जो हेल उठतो त्याने कौलांवरची कबुतरे उडतात; आणि परिपाठाच्या वेळी उजवा हात समोर धरून सारी शाळा वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची व सर्वांशी सौजन्याने वागण्याची हमी रोज देते. ही प्रतिज्ञा १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली, आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभरच्या शाळांतून म्हटली जाऊ लागली. सुब्बारावांचा जन्म नलगोंडा जिल्ह्यातला, म्हणजे आमच्याच जुन्या हैदराबाद संस्थानातला. त्यामुळे त्यांच्याविषयी गंगापूरकराला आपुलकी वाटावी हे साहजिक आहे. परंतु प्रतिज्ञा लिहिली तेव्हा ते विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी होते हे मला समजले, तेव्हा मी थोडा वेळ स्तब्ध झालो. ज्याने ज्याने आपले बिल घेऊन खजिन्याच्या खिडकीपाशी तिष्ठत उभे राहून पाहिले आहे, आणि तिसऱ्या खेपेस 'हरकत आहे' एवढ्या दोन शब्दांनिशी ते परत स्वीकारले आहे, त्याला सर्वांशी सौजन्याने वागण्याची कल्पना त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसास सुचली हे ऐकून मानवजातीविषयी पुन्हा आशा वाटू लागेल.

मुले मात्र ही हमी ज्या हाताने देतात, तिथेच घोटाळा आहे. दोन मुलांत एका हाताचे अंतर असावे, हा कवायतीच्या गुरुजींचा नियम; उजवा हात सरळ पुढे धरावा, हा प्रतिज्ञेचा. दोन्ही नियम काटेकोर पाळले म्हणजे प्रत्येक मुलाची बोटे पुढच्याच्या मानेला नेमकी टेकतात, आणि सौजन्याचा उच्चार होत असतानाच सबंध रांग गुदगुल्यांनी वळवळत असते. मागून चिमटा बसला तरी हात खाली घेता येत नाही, कारण प्रतिज्ञा चालू आहे; म्हणून तो चिमटा पुढच्यास पोचता करावा लागतो.

शिष्टाचार शिकवण्याच्या बाबतीत आमच्या मुलखाला परंपरा आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. जालना जिल्ह्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास सबंध मूर्खलक्षणांना वाहिला आहे, आणि त्यात माणसाने कसे वागू नये याची जी जंत्री दिली आहे ती वाचताना, समर्थ आमच्या बसस्थानकावर चार दिवस मुक्कामाला असावेत असा संशय येतो. पाण्यात चूळ टाकणारा त्यात आहे, पायावर पाय घाशीत बसणारा आहे, आणि दोघे बोलत असताना मध्येच जाऊन बसणारा व दोन्ही हातांनी डोके खाजवणाराही आहे.

एका शाळेतल्या उत्साही गुरुजींनी ही लक्षणे सुविचाराच्या फळ्यावर रोज एक याप्रमाणे लिहावयास घेतली. मुलांना ती विलक्षण आवडली. सुविचार कुणावर लागू करावा हे कधी समजत नाही. येथे ती अडचण नव्हती. मधल्या सुटीत ओसरीवर दोन शिक्षक महागाईभत्त्याविषयी गंभीर चर्चा करीत असता तिसरे तेथे गेले आणि त्यांचा हात सहज डोक्याकडे गेला, तेव्हा सबंध सातवी श्वास रोखून दुसरा हात वर जातो की काय हे पाहत होती. तो गेला. त्या वेळी उसळलेल्या हास्याचे कारण तिन्ही गुरुजनांना शेवटपर्यंत कळले नाही. परंतु पुढे समर्थांनी स्वतः वाचत नाही, दुसऱ्यास वाचू देत नाही आणि पुस्तक बांधून ठेवतो अशा मूर्खाचे वर्णन केले आहे. तो दिवस उजाडला, आणि दुपारी एका मुलीने अत्यंत नम्रपणे, हात जोडून, कार्यालयातल्या कुलूपबंद ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते असे विचारले. दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर 'पाणी हेच जीवन' आले.

आता रस्त्यावरच्या सौजन्याकडे वळू. संस्थानात निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ सालीच मोटारी सुरू केल्या होत्या, आणि इकडे पुण्याहून नगरला पहिली एसटी १ जून १९४८ रोजी धावली. परंतु या दोन्ही परंपरांचे पाईक असलेल्या आम्हा गंगापूरकरांना मोटारीचे दार कशासाठी असते याचा उलगडा अजून झालेला नाही. जागा खिडकीतून मिळते. प्रथम रुमाल, मग पिशवी, आणि तेवढ्याने भागत नसेल तर मुलगा, या क्रमाने मालमत्ता आत टाकावयाची. त्याच खिडकीतून थोड्या वेळाने पानाची पिचकारी बाहेर येते, आणि खाली उभ्या असलेल्याने थुंकणाऱ्यावरही न रागावणाऱ्या पैठणच्या नाथमहाराजांचे स्मरण करून खांदा पुसावयाचा असतो.

लग्नसराईतल्या एका सकाळी एका गृहस्थाने आपल्या चिरंजीवांना अशाच रीतीने काखेत धरून संभाजीनगरच्या गाडीत सोडले. 'दोन जागा धर. कुणी विचारलं तर माणूस येतंय म्हणून सांग,' असा हुकूम खालून झाला. चिरंजीव एका जागेवर बसले आणि दुसरीवर हात ठेवून त्यांनी पहारा सुरू केला. दोन तगड्या जवानांना त्यांनी परतवले. तेवढ्यात मेथीच्या जुड्यांचे गाठोडे सावरीत एक म्हातारबाबा काठी टेकीत आले. वृद्धांना आपण होऊन जागा द्यावी, हा पाठ मुलाचा झाला होता. स्वतःची जागा धरून ठेवण्याविषयी वडिलांची आज्ञा होती. त्याने दोन्ही आज्ञांचा मेळ घातला आणि बाबांना वडिलांची जागा दिली.

वडील दारातून, सदऱ्याचे एक बटण गमावून, आत पोचले तेव्हा बाबा गाठोडे मांडीवर घेऊन स्थिरस्थावर झाले होते. 'अरे, माझी जागा?' 'आजोबांना दिली. गुरुजींनी सांगितलंय.' गाडीत एकदम कौतुकाची लाट उसळली. 'वळण हो, वळण!' 'कुणाचा म्हणायचा हा?' वरचा दांडा धरून लोंबकळणाऱ्या त्या गृहस्थाला हसावे लागले, आणि माझाच, असे कबूल करावे लागले. मोठ्या माणसांनी या पोराकडून शिकावे, असे खिडकीशी बसलेले एक सद्गृहस्थ बोलले, आणि आसपासच्या बाकांवरील सर्वांनी माना डोलावल्या.

पुढच्या थांब्यावर एक आजीबाई चढल्या. मुलाने वळून बाकांवरून सावकाश नजर फिरवली. खिडकीशेजारचे सद्गृहस्थ तत्क्षणी घोरू लागले. वाळूज येईपर्यंत त्या गाडीत, तो मुलगा आणि म्हातारबाबा सोडले, तर जागा मिळालेला एकही माणूस जागा नव्हता.