दिसतंय का?

जयपूरच्या जोहरी बाजारात एखाद्या पेढीच्या काउंटरखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले आणि आतून "आता दिसतंय का?" असा आवाज आला, की समजावं, तात्या कामावर आहेत. वर स्क्रीनपुढे बसलेला मुनीम पक्का मारवाडी असतो. पण तात्यांच्या संगतीत तो "नाही दिसत" एवढं मराठी शिकलेला असतो, आणि दिवसभरात तेवढं त्याला पुरतं.

तात्यांचा धंदा म्हणजे जुने संगणक एकमेकांना जोडून देणं. एक विंडोज 98, दोन एक्सपी, कोपऱ्यात एखादं डॉसवर तगलेलं खोकं. इंटरनेट नको, सर्व्हर नको, क्लाउडचं तर नावच काढू नका. एका मशीनला दुसरं दिसलं पाहिजे आणि दुसऱ्याला पहिल्याचा प्रिंटर वापरता आला पाहिजे, एवढीच त्यांची मोक्षाची कल्पना. अशी गिऱ्हाइकं अजून आहेत, हे बाहेरच्याला खरं वाटत नाही. पण पन्ना-माणकाच्या पेढ्यांचा हिशेब कुणीतरी कधीकाळी फॉक्सप्रोत लिहून दिलेला असतो. लिहिणारा पोरगा बंगळुरूला गेला तो गेलाच. कुठल्या पार्टीकडे किती रत्ती माल अडकलाय, हे आता फक्त त्या निळ्या पडद्यालाच ठाऊक. सेठजी त्याला हात लावू देत नाहीत, आणि फॉक्सप्रोला एलपीटी-1 सोडून दुसरा प्रिंटर माहीत नाही. मग तात्या काळ्या खिडकीत 'नेट यूज'ची एक ओळ टाइप करतात आणि शेजारच्या खोलीतला डॉट मॅट्रिक्स हा याच खोलीतला आहे अशी त्या बिचाऱ्याची समजूत घालून देतात. प्रिंटर करकरायला लागला की सेठजी हात जोडतात. "तात्याजी, आप तो जादूगर हो." सांगली जिल्ह्यात तात्याला 'जी' लावलेलं कुणी ऐकलं नसेल.

तात्या मूळचे त्याच सांगली जिल्ह्यातल्या विट्याजवळचे. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, मागच्या बोळात भट्टी पेटवून जुनं सोनं गाळणारा आपला माणूस भेटतोच. तात्याही मिसरूड फुटायच्या आत मामाच्या भट्टीवर आले. तेजाबाच्या वासानं खोकला लागला, म्हणून मामानं कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. खोकला गेला आणि हे लागलं. ज्या गोतावळ्यात जुन्या वस्तूला मूस ही एकच वाट असते, तिथं जुनं काहीही वितळू न देणारा माणूस निपजला. घरच्यांना हे जरा जातीबाहेर लग्न केल्यासारखंच वाटतं.

त्यांच्या माळ्यावर काय नाही? आरजी-58 केबलची भेंडोळी, डबाभर टी-कनेक्टर, पन्नास ओहमचे टर्मिनेटर. ही केबल एका मशीनकडून दुसऱ्याकडे ओवत न्यायची. 185 मीटर लांबी, तीस मशीन, ही तिची मर्यादा. दोन्ही टोकांना टर्मिनेटर नसेल तर सिग्नल टोकावर आपटून माघारी येतो आणि सगळ्यांचं बोलणं बंद. एक जोड सैल झाला की पेढीच्या पेढी ठप्प. नव्या स्विचमध्ये ज्याचं दुखणं त्याच्यापुरतं राहतं, ही सुधारणा तात्यांना पटलेली नाही. "पहिलं एक जण रुसला की सगळं घर जेवायचं थांबायचं. आता शेजारचा मेला तरी कळत न्हाई. ह्याला नेटवर्क म्हनायचं का?"

केबल छतावरून जाते. जयपूर 1727 साली आखलं गेलं ते काटकोनांत, म्हणून तात्या विद्याधर भट्टाचार्यांचं नाव आदरानं, 'विद्याधरसाहेब' असं घेतात. साहेबांनी रस्ते सरळ ठेवले म्हणून केबल कमी लागते. पण साहेबांनी माकडांचा विचार केला नव्हता. माकडं केबलला लोंबकळतात, सोलून चाखतातही. आणि 14 जानेवारीला अख्खं शहर पतंग घेऊन गच्चीवर चढतं. काचेचा मांजा तात्यांच्या केबलवर घासतो, गुंततो, आणि गुंतलेला पतंग सोडवायला पोरं केबलच धरून ओढतात. "वो काटा!" अशी आरोळी उठली की गावाला आनंद होतो. तात्या तेवढे दचकून बघतात, पतंग की केबल?

मशीनला नावं देणं हा त्यांचा खास प्रांत. विंडोजच्या या जुन्या पद्धतीत मशीनच्या नावाला पंधराच अक्षरं मिळतात, आणि जयपुरी पेढीचं नाव आजोबांपासून सुरू होतं. पंधरा अक्षरांत आजोबासुद्धा संपत नाहीत. तात्यांनी तोडगा काढला. विटा, आटपाडी, खानापूर, लेंगरे, भाळवणी. त्यामुळं राजस्थानातला मुनीम फोनवर कळवळून सांगतो, "तात्याजी, आटपाडी हँग हो गया, खानापूर को विटा नहीं दिख रहा."

आणि हे दिसणंही मोठं गमतीचं. कोण कोण हजर आहे याची यादी ठेवायला ही मशीन आपसात चक्क निवडणूक घेतात. ज्याचं विंडोज नवं तो निवडून येतो, एक्सपी चालू असताना 98 ला कधीच संधी नाही. प्रत्येक मशीन बारा-बारा मिनिटांनी आपली हजेरी लावतं. अचानक बंद पडलेलं मशीन तीन हजेऱ्या चुकेपर्यंत यादीत तसंच राहतं. मुनीम ओरडतो, "लाइट गई, लेंगरे बंद पडा है, फिर भी दिख रहा है!" तात्या शांत असतात. "मतदार यादी हाय ती. मेलेला लगेच कसा निघंल?"

मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या किड्यानं जगभरातल्या संगणकांना खंडणी मागितली. तेव्हा बाजारात तात्यांइतका ताठ मानेनं कुणी फिरला नसेल. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टनं एप्रिल 2014 मध्येच काढून घेतला होता. तरी या किड्यासाठी कंपनीनं खास एक्सपीचाही डोस काढला. तात्यांनी तो स्वतःचा सत्कार समजून घेतला. त्यांची एकही पेढी बुडाली नाही, कारण एकीलाही इंटरनेट नव्हतं. बहुतेक बळी विंडोज 7 चे होते, आणि एक्सपी तर लागण होण्याऐवजी निळा पडदा टाकून आडवं व्हायचं. हे मी त्यांना सांगून पाहिलं. "मग? पडला, पन फितूर झाला न्हाई," म्हणाले.

त्याच वर्षाच्या शेवटापासून नव्या विंडोज 10 नं जुन्यांशी बोलायची ती 'एसएमबी-1' नावाची भाषाच सोडून दिली. नव्या मशीनला एक्सपी दिसेना. तात्या कंट्रोल पॅनलच्या पोटात शिरून ती भाषा परत चालू करतात. हे धोक्याचं आहे, हे लिहायलाच हवं. ज्या वाटेनं तो किडा शिरला ती हीच. इंटरनेट नसेपर्यंत चालून जातं. पण सेठजींच्या नातवानं मागून वायफायचं डोंगल लावलंय का, हे तात्या दर भेटीत वाकून तपासतात. सापडलं तर ते काढून स्वतःच्या खिशात टाकतात आणि नातवाशी एक शब्द बोलत नाहीत.

तात्यांचा खरा शत्रू घरातच आहे. दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, गलाईवाले. जुन्या कार्डांच्या दात्यांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, हे दाजींना कळलं त्या दिवसापासून माळ्याला कुलूप लागलं. जावयाला तोंडावर नाही म्हणता येत नाही, म्हणून दाजी आले की किल्ली हरवते. एकदा दाजींच्या हाती रिअलटेकचं एक नेटवर्क कार्ड लागलंच. त्यांनी ते हातावर तोललं, नेऊन सोन्याचा कस मोजणाऱ्या टंच मशीनखाली धरलं आणि म्हणाले, "असली किलोभर असतील तर बोला, तात्या. काय तरी निघंल." तात्यांनी "तपासून देतो" म्हणून परत आणलं. लावून पाहिलं, तर कार्ड चालू. चालू वस्तू मुशीत घालणं म्हणजे हत्या. ते पुन्हा माळ्यावर गेलं.

मग एका पावसाळ्यात वीज कडाडली आणि दाजींच्या टंच मशीनला जोडलेल्या एक्सपीचं नेटवर्कचं भोक जळालं. टंच निघे, पण रिपोर्ट पलीकडच्या खोलीत छापून येईना. बाहेर सोनं घेऊन गिऱ्हाइकं ताटकळत. मशीनवाल्यांनी सांगितलं, नवा संगणक घेतला तर आमचं सॉफ्टवेअर चालेल याची खात्री नाही. दाजींनी तात्यांना बोलावलं. तात्यांनी खिशातून तेच कार्ड काढलं. एक्सपीनं ते न विचारताच ओळखलं, कारण त्याचा ड्रायव्हर आधीच त्याच्या पोटात असतो. पलीकडून पोरगं ओरडलं, "दिसतंय!"

दाजींनी घसा खाकरला. "ह्याचं काय द्यायचं, तात्या?"

तात्या हात पुसत उठले. "दाजी, आज सोनं काय भावानं उघडलंय?"