गवताचं औषध

(बदलापूर गावाच्या अंगाला एक कृषी सेवा केंद्र. जुलैतला रविवार, सकाळचे दहा. गिऱ्हाईक सोमवार ते शुक्रवार ऐरोलीत नोकरी करतं आणि सुट्टीच्या दिवशी दोन टॉवरांच्या मधल्या वीस गुंठ्यांत शेती. दुकानदाराचे केस गल्ल्यावरच पांढरे झालेले.)

गिऱ्हाईक : काका, गवताचं औषध द्या.

दुकानदार : गवत आजारी आहे का?

गिऱ्हाईक : गवत ठणठणीत आहे. भाताचीच तब्येत उतरलीय.

दुकानदार : मग गवतासाठी विष मागा. औषध म्हटलं की माणूस हात सैल सोडतो. लवकर गुण यावा म्हणून दोन झाकणं जास्तच ओततो.

गिऱ्हाईक : बरं, विष द्या. एकदम जालीम. सगळं जाळून टाकणारं.

दुकानदार : ग्लायफोसेट म्हणताय. त्याला तुमचा भात आणि गवत सारखंच. हिरवं दिसलं की खलास. शिवाय 2022च्या ऑक्टोबरात केंद्राने काढलंय, ते पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारायचं.

गिऱ्हाईक : आमच्या सोसायटीत येतो एक. झुरळांसाठी.

दुकानदार : त्याला गुडघाभर चिखलात उतरवून दाखवा, मग बोलू. जात कोणती लावलीत?

गिऱ्हाईक : कर्जत-3.

दुकानदार : चांगली. कर्जत लोकलपेक्षा वेळेवर येते. आवणी कधी झाली?

गिऱ्हाईक : आज बरोबर तीन आठवडे.

दुकानदार : तिसऱ्या-चौथ्या दिवशी आला असतात तर प्रेटिलाक्लोर दिलं असतं. ते तणाला उगवता उगवताच गाठतं. वर आलेल्या तणावर त्याची मात्रा चालत नाही.

गिऱ्हाईक : तिसऱ्या दिवशी बुधवार होता हो.

दुकानदार : तुमचं तण वर्क फ्रॉम होम करतं, त्याला बुधवार-रविवार सारखेच. माझे वडील उन्हाळ्यात राब भाजायचे. वाफ्यावर शेण, पालापाचोळा, वाळलं गवत रचायचं आणि पेटवायचं. वाफ्यातलं तणाचं बी जागीच भाजून निघायचं. बाटली नाही, बिल नाही.

गिऱ्हाईक : आता भाजला तर चौदाव्या मजल्यावरून फायर ब्रिगेडला फोन जाईल.

दुकानदार : तेही खरं. तण कोणतं आहे?

गिऱ्हाईक : (प्लॅस्टिकची पिशवी काढतं) हे बघा, नमुनाच आणलाय. डावीकडचा भात, उजवीकडचं पाखड. मागच्या रविवारी असल्या पाखडाची अख्खी ओळ मी हाताने साफ केली. आईला म्हटलं, तू बस.

दुकानदार : (चष्मा कपाळावर सारून रोप डोळ्यांजवळ नेतो) हे पान खोडाला मिळतं ना, तिथे बघा. नखाने जरा मागे ओढा. पांढरा, पातळ पापुद्रा दिसतो?

गिऱ्हाईक : दिसतो.

दुकानदार : ती जीभ. बाजूला दोन केसाळ कान. जीभ आणि कान असलेला तो भात. पाखडाला दोन्ही नसतं, तिथे सगळं गुळगुळीत.

गिऱ्हाईक : पण... हे तर उजवीकडचं आहे.

दुकानदार : हो.

गिऱ्हाईक : म्हणजे ती ओळ...

दुकानदार : स्वच्छ केलीत. (थोडा वेळ कोणी बोलत नाही.) डावीकडचं तीन-चार पानांचं आहे, अजून वेळ गेलेली नाही. बिस्पायरीबॅक सोडियम देतो. एकराला 80 ते 100 मिली. वीस गुंठ्यांना त्याच्या निम्मं.

गिऱ्हाईक : पंपात किती?

दुकानदार : सोळा लिटरचे पाच पंप धरा, पंपाला 10 मिली.

गिऱ्हाईक : फक्त दहा? एवढं तर मी खोकल्याला घेतो!

दुकानदार : म्हणून तर म्हटलं, औषध म्हणू नका. आणि मापानेच ओता, स्वयंपाकघरातला चमचा आणू नका. तो परत चहात जातो.

गिऱ्हाईक : बाटलीवर हा रंगीत त्रिकोण कसला?

दुकानदार : विषारीपणाचा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा.

गिऱ्हाईक : हिरवा असला की बिनधास्त?

दुकानदार : सिग्नल हिरवा आहे म्हणून तुम्ही रूळ ओलांडता?

गिऱ्हाईक : रोज.

दुकानदार : (हात जोडतो) रबरी हातमोजे, मास्क, गॉगल, गमबूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना वीसवर शेतकरी-शेतमजूर गेले. ती कापसावरची कीटकनाशकं होती, हे मला माहीत आहे. पण अंगावर बनियन आणि तोंडात तंबाखू ठेवून फवारायची सवय सगळीकडे तीच.

गिऱ्हाईक : माझी उल्हासनगरची जीन्स आहे, चांगली जाड.

दुकानदार : चालेल. पण ती वेगळी धुवा. पंप कुठला?

गिऱ्हाईक : वांग्यावर कीटकनाशक मारतो तोच.

दुकानदार : तणनाशकाला पंप वेगळा. नाहीतर पुढच्या महिन्यात वांगी विचारतील, आमचं काय चुकलं. नोझलही वेगळं, हे बघा, पंख्यासारखा सपाट पट्टा पाडणारं. तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही.

गिऱ्हाईक : आणि पंप नाल्यात धुतला तर?

दुकानदार : नाला कुठे जातो?

गिऱ्हाईक : उल्हास नदीत.

दुकानदार : नदीचं पाणी बॅरेजवरून कुठे जातं?

गिऱ्हाईक : आमच्या... टाकीत. चौदाव्या मजल्यावर.

दुकानदार : पाणी चढवायला लिफ्ट लागत नाही. पंप शेतातच धुवा, तेच पाणी शेतात फवारा. रिकामी बाटली तीनदा विसळा, विसळलेलं पंपात ओता, बाटलीला भोकं पाडा. तेल ठेवायला घरी न्यायची नाही. आता मुख्य गोष्ट. फवारण्याआधी शेतातलं पाणी काढायचं, गवत उघडं पडलं पाहिजे. एक-दोन दिवसांनी पाणी परत भरायचं. आणि फवारल्यावर सहा तास पाऊस नको.

गिऱ्हाईक : बदलापुरात? जुलैत? काका, 2019च्या जुलैत इथून पुढे वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात उभी राहिली होती. हजारावर माणसं बोटींनी काढली!

दुकानदार : म्हणून तर आकाश बघून या म्हणतो. (पत्र्यावर ताडताड सुरू होतं.) बसा. चहा मागवतो.

गिऱ्हाईक : उघडेल?

दुकानदार : बुधवारी उघडेल.

गिऱ्हाईक : बुधवारी ऐरोली आहे हो! (फोन लावतं) आई, बेणणीला कोणी बायका मिळतील का?... हो... हो... अगं, ते कळलं मला आत्ताच. (फोन ठेवतं)

दुकानदार : काय म्हणाल्या?

गिऱ्हाईक : म्हणाली, बायका मिळतील, पण तू बांधावर बस.