वाशीम, थांबा दोन मिनिटं

वाशीमला गाडी दोनच मिनिटं थांबते, याबद्दल मी रेल्वेचा कायमचा ऋणी आहे. वाशीम ही माझी सासुरवाडी. अकोल्याहून खाली जाणारी रात्रीची गाडी तिथं टेकते, फलाटावरून डबा वर येतो, नमस्कार खिडकीच्या गजांतून उरकतो आणि 'वेळच नव्हता हो' म्हणत मी हिंगोलीच्या दिशेनं सुटतो.

राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचं साहित्यविद्येशी लग्न लावलं ते वत्सगुल्मात, म्हणजे याच वाशीमात. लिहिणाऱ्या माणसाची सासुरवाडी वाशीमच असावी हे हजारेक वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे. फक्त काव्यपुरुषाचा विवाह गांधर्व होता. 'जावाईबापू काहून नाई आले' हे विचारायला त्याच्यामागे कुणी नव्हतं. वाशीम वाकाटकांची राजधानी होती, बालाजीचं देऊळ आहे, पद्मतीर्थ आहे. दोन मिनिटांत मी पाण्याचा नळ आणि स्टेशनची पाटी पाहिली आहे.

यंदा मे महिन्यात बार्शीटाकळी मागे पडलं आणि हिनं पदर नीट करून दाराशी जायची तयारी सुरू केली, तोच गाडी जऊळक्याला उभी राहिली. गावाचं पूर्ण नाव जऊळका रेल्वे. वाशीम उरलं वीस-पंचवीस किलोमीटर.

आधी मी निर्धास्त होतो. प्रवासातल्या संकटांचा मी जाणकार समजला जातो, निदान माझ्याकडून तरी. माझ्या थैलीत मेणबत्ती, दोरी, साखळी-कुलूप, बॅटरी, ओडोमॉस असं सगळं असतं. "क्रॉसिंग आहे," मी डब्याला जाहीर केलं. "एकेरी मार्ग आहे ना." क्रॉसिंगची गाडी आली, धडधडत गेली. आम्ही तिथंच. मग एक मालगाडी गेली. मालगाडीनंही मागं टाकलं की डब्याचा धीर सुटतो.

"इंजिन फेल," परभणीचे एक गृहस्थ खाली उतरून खबर घेऊन आले. दुसरं इंजिन पूर्णेहून येणार की अकोल्याहून, यावर दोन पक्ष पडले. मधल्या बर्थवाल्यानं दहा वाजताच बर्थ उघडून 'रात्री दहा ते सकाळी सहा' हा नियम आम्हाला ऐकवला होता, तो वरून म्हणाला, "तीन तासांवर लेट झाली तर पूर्ण पैसे परत मिळतात." मिळतात, पण आपल्या स्टेशनावर गाडी तीन तासांहून उशिरा येणार असेल आणि आपण प्रवासच केला नाही तर. आम्हीही प्रवास करत नव्हतोच. पण गाडीत बसून ते सिद्ध कसं करणार?

तेवढ्यात हिचा फोन वाजला. मी हातवारे करून 'सांगू नको' म्हणत होतो, तोवर ही बोलून गेली होती, "आई, जऊळक्याला पडलोय. कधी निघेल कुणी सांगत नाही गं."

तासाभरात फलाटाबाहेर गाडीचे दिवे चमकले. पुढे मेहुणा, मागून काठी टेकत सासूबाई, हातात कडीचा मोठा डबा.

"वेळ नव्हता म्हने तुमाले," त्या माझ्याकडं पाहत म्हणाल्या. "आता तं येळच येळ हाय!"

फलाटावरच्या बाकावर पंगत बसली. ज्वारीच्या भाकरी, पातोडीचा रस्सा, ठेचा. परभणीकर आले, मधला बर्थवालाही नियम मोडून खाली उतरला. दर थोड्या वेळानं सासूबाई मेहुण्याला विचारायच्या, "सिगनल देल्ला का पाय बरं." तो "नाई अजून" म्हणाला की त्या लेकीच्या ताटलीत आणखी भाकरी वाढायच्या. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा हिनं नको म्हटलं नाही. एरवी रात्री एक पोळी खाणारी बाई मान खाली घालून जेवत राहिली. मी सिग्नलकडे पाहिलं. तांबडाच होता, आणि मला त्याचं काही वाटेना.

"मीटरगेज होती तवा हिचे बाबा मीनाक्षीनं याचे," सासूबाई सांगत होत्या. "गाडीचा नेमच नव्हता. हे पोट्टी स्टेशनावरच झोपून जाये." 2008 साली ब्रॉडगेज झाली, तेव्हापासून गाड्या वेगानं येतात आणि जावई वेगानं जातात, एवढं त्या बोलल्या नाहीत, पण बघितलं तसंच.

इंजिन आलं ते पूर्णेहून की अकोल्याहून, हे बघायला कुणी गेलं नाही. शिट्टी झाली, धावपळ उडाली, हिला मी दारातून वर ओढलं आणि डबा मेहुण्यानं चालत्या गाडीत दिला. वाशीमला गाडी दोन मिनिटं थांबली. फलाटावर कुणीच नव्हतं. असणार कसं, सगळे जऊळक्याला.

वाशीम सोडलं आणि फोन आला. "झाकन माह्यापाशी राह्यलं. दिवाळीले येसान तवा घेऊन जा. चार दिवस ऱ्हाच लागन."

"येतो म्हणून सांगितलंय मी," ही म्हणाली.

उघड्या डब्यात रस्सा हेलकावत होता. माझ्या थैलीत मेणबत्ती होती, दोरी होती, साखळी-कुलूपही होतं, झाकण नव्हतं. शेवटी दिवाळी अंकासाठी लिहायला घेतलेल्या लेखाचे कागद त्यावर पसरले. हिंगोली येईतो पहिली दोन पानं रश्श्यात गेली होती. मधल्या बर्थवाल्यानं ती वाचून पाहिली आणि म्हणाला, "यापुढची पण झाका."