लॅपटॉपवैद्य

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत पाण्याची मोटर, मूळव्याध आणि जमिनीचे वाद यांवर विनामूल्य उपाय सुचवणारी माणसे पूर्वापार आहेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांबरोबर गेमिंग लॅपटॉप गावात आल्यापासून त्यांत लॅपटॉपवैद्य या नव्या प्रकाराची भर पडली आहे. हा पंचविशीतला गृहस्थ कोणत्याही सेवाकेंद्राचा नोकर नसल्यामुळे त्याला सुट्टी नसते, आणि तो चहाखेरीज काही घेत नसल्यामुळे त्याच्या निदानाविरुद्ध दाद मागता येत नाही.

रुग्णाची तक्रार ठरलेली असते: गेम अडखळतो, म्हणजे पडद्यावर दर सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांची संख्या, जिला फ्रेमरेट म्हणतात, ६० वरून २० वर घसरते. औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली असली, तरी त्याच जिल्ह्यातला हा वैद्य लॅपटॉपच्या पाठीवर तळवा ठेवून भागवतो आणि "काका, ह्याच्या अंगात ताप आहे" असे जाहीर करतो. मग पंख्यातील धूळ फुंकली जाते, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि विंडोज यांच्यातला दुभाषा, काढून पुन्हा बसवला जातो, आणि प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळ्यांकडे पोचवणारा थर्मल पेस्ट नावाचा लेप बदलला जातो. हळदीच्या मुलखात लेप म्हटल्यावर घरातील स्त्रियांचाही विश्वास बसतो.

या सर्व काळात एका गोष्टीकडे त्याचे लक्ष नसते. अशा यंत्राचा चार्जर बहुधा दोनशे वॅटच्या आसपासचा असतो आणि तेवढी शक्ती एकट्या बॅटरीला पुरवता येत नाही, म्हणून वीज तुटताच लॅपटॉप स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा खुराक आपणहून कमी करतो. घरात इन्व्हर्टर असतो, परंतु त्याची जोडणी पंखा आणि दिवा यांपुरतीच केलेली असल्याने, भारनियमनात खोली उजळलेली राहते, पंखा फिरत राहतो आणि चार्जरच्या सॉकेटमध्ये मात्र वीज नसते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

दहावा उपाय चालू असताना वीज परतते, फ्रेमरेट ६० वर चढतो आणि श्रेय दहाव्या उपायाला मिळते. रात्रीच्या पाळीची वीज धरून आयुष्यभर शेत भिजवलेले आजोबा ओसरीवरून "लाईट आली वाटतं" असे अचूक निदान करतात. परंतु त्यांना ग्राफिक्स कार्ड ठाऊक नसल्यामुळे ते विचारात घेतले जात नाही, आणि वैद्य पुढच्या घरी तोच दहावा उपाय पहिला म्हणून योजतो, व तेथे तो लागू पडला नाही की यंत्राची बनावटच सदोष ठरते.