आमची झाशी, तिकीट काढून

मराठी माणूस झाशीत पर्यटक म्हणून उतरत नाही, वारसदार म्हणून उतरतो. स्टेशनावरची लक्ष्मीबाईंच्या नावाची पाटी दिसली की त्याची मान ताठ होते, आवाज चढतो आणि हिंदी आहे त्याहून बिघडतं.

आमच्या दादाचं, म्हणजे माझ्या मावसभावाचं, हे सगळं फलाटावरच उरकलं. ग्वाल्हेरचं लग्न आटोपलं होतं, परतीचं तिकीट वेटिंगवर लोंबकळत होतं आणि जागा मिळत होती ती झाशीहून रात्रीच्या गाडीत. "शंभर किलोमीटर तर आहे! जनरलने जाऊ. हॉटेल नाही, रिक्षा नाही. पायी झाशी बघू," दादाने जाहीर केलं. बेत आयत्या वेळचा होता म्हणे. पण लग्नातल्या पुऱ्या आणि लाडू त्याने पहाटेच डब्यात भरून ठेवले होते.

क्लोकरूममध्ये सामान टाकून बाहेर पडलो तर ई-रिक्षावाल्यांनी गराडा घातला. "किला? रानी महल?"

"हमको चलनेका है," दादा म्हणाला. "हमारा ही गाव है."

रिक्षावाल्याने आधी वैशाखातल्या उन्हाकडे पाहिलं, मग दादाच्या पोटाकडे, आणि आदराने वाट सोडली.

दादा पेणचा. वरसई त्याच तालुक्यात. आणि वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली काकांना घेऊन पायी उत्तरेत निघाले, ते थेट झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यामुळे दादाच्या हिशेबी झाशी हे पेण तालुक्याचंच थोडं लांबचं गाव. विष्णुभटांचा बेतही आमच्यासारखाच काटकसरीचा होता. घरावर कर्ज होतं, बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असं कळलं होतं, दक्षिणा मिळेल म्हणून भटजी निघाले. वाटेत बंड पेटलं. पुढे जे पाहिलं ते त्यांनी 'माझा प्रवास'मध्ये लिहून ठेवलं, आणि ते पुस्तक छापून यायला 1907 साल उजाडलं. इतक्या कमी पैशांत इतकं पाहिलेला मराठी प्रवासी दुसरा नसेल.

किल्ल्यावर तिकीट काढावं लागलं, इथे वारशाला पहिला धक्का बसला. दुसरा गाईडने दिला.

"किला ओरछा के राजा बीरसिंह देव ने बनवाया, सन 1613 में."

"मराठोंने नहीं?"

"नहीं बाबूजी. मराठे तो सवासौ साल बाद आए."

दादाचा चेहरा बिल पाहिलेल्या यजमानासारखा झाला. गाईड अनुभवी असावा. मराठी गिऱ्हाईक कुठे खचतं आणि कशाने सावरतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने लगेच नारोशंकरांचं नाव काढलं. मराठ्यांच्या या सुभेदाराने किल्ला वाढवला. तो भाग शंकरगड. "नाशिकची घंटा! तेच हे नारोशंकर!" दादा ओरडला, तोही नारोशंकराच्या घंटेच्याच आवाजात. बुरुजावर सेल्फी काढणारं एक जोडपं दचकून बाजूला झालं.

तिथून पुढे दादाच गाईडला माहिती देऊ लागला. कडक बिजली तोफेवर त्याने हात ठेवला, तो तापलेल्या लोखंडामुळे तितक्याच कडक वेगाने काढला. गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या कबरींपाशी मात्र त्याने न सांगता चपला काढल्या आणि फरशीच्या चटक्याने एका पायावरून दुसऱ्या पायावर होत नमस्कार केला. मोतीबाई गंगाधररावांच्या नाटकशाळेतली नटी. नाटकाचा नाद असलेला राजा आणि तोफेशी मेलेली नटी, एवढ्यानेच मला तरी हे संस्थान आपलं वाटायला लागलं.

कूदान स्थळावर दादा कठड्यावरून वाकला. राणीसाहेबांनी दामोदररावांना पाठीशी बांधून घोड्यासकट इथूनच उडी घेतली, अशी कथा. खाली पाहून तो म्हणाला, "विष्णुभटांनी उडीबिडी लिहिलेलं नाही."

"मग?"

"मग काय? रात्रीच्या निघाल्या, एवढं खरं." खोली डोळ्यांनी पाहिलेल्या कोकणी माणसाचा हा निकाल होता.

राणी महालात दुसरं तिकीट. दादाला तलवारी, पालख्या, निदान एखादा देव्हारा हवा होता. भेटले ते नवव्या ते बाराव्या शतकातले दगडी देव, ओळीने भिंतींना टेकलेले, बरेचसे हात किंवा नाक गमावून बसलेले. पण वरच्या दरबारी दालनाचं छत बघावं! लाकडावर लाल-हिरवी वेलबुट्टी आणि मोर. रंग अजून शाबूत. आम्ही दोघे मान मोडेपर्यंत वर बघत राहिलो. रखवालदाराला वाटलं, पंखा बंद आहे म्हणून तक्रार करतोय.

बाजारात डबा उघडला. पुऱ्यांचं एव्हाना चामडं झालं होतं. शेजारी गरम कचोरी तळली जात होती, त्यामुळे दादाच्या तत्त्वांची परीक्षा फार वेळ चालली नाही. बोटं चाटत तो म्हणाला, "भटजींची सगळी कमाई लुटीत गेली, म्हणून गावी नेली ती गंगेची कावड. आपण त्या मानाने फायद्यात."

कचोरीच्या जोरावर लक्ष्मी ताल गाठलं. काठावर गंगाधररावांची छत्री आहे. 1853 च्या नोव्हेंबरात ते गेले, पुढल्याच वर्षी इंग्रजांनी संस्थान गिळलं. दादाला हा सगळा हिशेब पाठ होता. तळं गावाच्या एका टोकाला आणि स्टेशन दुसऱ्या टोकाला, हा हिशेब तेवढा राहिला होता. परतताना दादा लंगडू लागला. मागून एक ई-रिक्षा आली. चालक सकाळचाच.

"बैठिए बाबूजी. मैं स्टेशन ही जा रहा हूँ. पैसे मत देना, आपका ही गाँव है."

दादा थबकला. माझ्या कानाशी लागून म्हणाला, "फुकट नेतोय? नक्की लांबून नेणार."

आणि चढून बसला.