गंधर्वांचा ताळेबंद

थोर गायकाचे चरित्र लिहिणे हे तप असेल; परंतु ते लिहून झाल्यावर गावोगावच्या वाचनालयांतून सांगत फिरणे हे त्या तपाचे प्रायश्चित्त होय, असे माझे मत दुबईत आल्यावर बनले. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने २००९ साली आरंभिलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाच्या ग्रंथपेट्या समुद्र ओलांडून या शहरी आल्या, तेव्हापासून सोफे भिंतीस लावून सतरंजी अंथरली की करामातील आमच्या दिवाणखान्यास वाचनालयाचा दर्जा प्राप्त होतो. आणि पेटी माझ्या ताब्यात असल्यामुळे स्वागत, प्रास्ताविक व आभार ही तिन्ही खाती मजकडेच चालतात.

बालगंधर्वांचे एक चरित्रकार कन्येकडे मुक्कामास आले असता आमच्या हाती लागले. सद्गृहस्थांनी जाहिरातींच्या नकला, टाचणे, पत्रव्यवहार असे सगळे दफ्तर बरोबर आणले होते. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत प्रवेश, १९१३ साली गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळीची स्थापना, इथवर कथानक बिनतक्रार चालले. मात्र ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’चा, म्हणजे बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर ज्या रात्री एका रंगमंचावर उभे राहिले त्या रात्रीचा, उल्लेख होताच सतरंजीच्या चारही कोपऱ्यांतून आजोबा-पणजोबा साक्षीस उभे राहू लागले. त्यांची एकूण हजेरी मांडली असती, तर येथील दुबई ऑपेराची सुमारे दोन हजार आसनेही त्या वडीलधाऱ्यांना अपुरी पडली असती. चरित्रकाराजवळ कागद असतो, श्रोत्याजवळ आजोबा असतात; आणि दिवंगत आजोबांची उलटतपासणी घेण्याचे धारिष्ट, यजमानांचा चहा यावयाचा असता, कोणता वक्ता करील?

तथापि खरा प्रसंग पुढेच होता. हे शहर हिशेबनिसांचे आहे. पाहुण्यांनी मंडळीचे वैभव वर्णिले, खरे भरजरी शालू, अत्तरे, ऑर्गन, तबल्यास अहमदजान थिरकवा, सारंगीस कादरबक्ष, आणि या साऱ्यापायी मानेवर बसलेले कर्ज. तेव्हा प्रत्येक नावागणिक रसिकांच्या मुखातून ‘वाहवा’ निघे आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या एका लेखापरीक्षक स्नेह्यांच्या मुखातून ‘अरेरे’.

“तारण काय होतं?” त्यांनी विचारले.

“आवाज,” पाहुणे म्हणाले.

“तो जप्त कसा करणार?”

बालगंधर्व लहानथोर सर्वांस ‘देवा’ म्हणून संबोधीत, असे सांगून पाहुण्यांनी वातावरण मृदू करण्याचा यत्न केला. त्यावर “सावकारांनासुद्धा?” अशी पृच्छा झाली. पुढे ‘एकच प्याला’त त्यांची सिंधू ठिगळे लावलेल्या लुगड्यात रंगमंचावर येई, हे ऐकल्यावर मात्र लेखापरीक्षकांनी त्या सायंकाळी प्रथमच समाधानाने मान डोलावली. सुधाकराच्या व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या त्या संसारात त्यांना खर्चाच्या काटकसरीची पहिली चिन्हे दिसली असावीत.

गायकाच्या चरित्रकारास शेवटी चुकत नाही ती मागणीही आलीच. “आता एखादं पद होऊन जाऊ द्या,” असे एका मावशींनी अत्यंत आर्जवाने म्हटले. शिकाऱ्याचे चरित्र लिहिणाऱ्याकडून कोणी वाघ मागत नाही. परंतु गवयाच्या चरित्रकाराने गळ्याचाही दाखला हजर करावा, अशी लोकांची प्रामाणिक अपेक्षा असते. पाहुण्यांनी दोन्ही हात जोडले, एका मुलाने भ्रमणध्वनीवर जुनी ध्वनिमुद्रिका लावली, आणि तासभर चाललेल्या व्याख्यानास जे साधले नव्हते ते तीन मिनिटांत साधले: सर्व आजोबा एकदम गप्प झाले. लेखापरीक्षकांनी ते पद पुन्हा लावावयास सांगितले, मग तिसऱ्यांदा. या वेळी तारणाचा विषय निघाला नाही.

जाताना त्यांनी पेटीतील ते चरित्र, रीतसर वहीत सही करून, पंधरा दिवसांच्या बोलीवर नेले. त्यास आता कित्येक महिने लोटले. मी स्मरणपत्रे धाडतो. त्यांचे उत्तर दर खेपेस एकाच शब्दाने सुरू होते, “देवा,” आणि पुढील तारखेचा वायदा देऊन संपते. गंधर्व मंडळीच्या सावकारांना काय सोसावे लागले असेल, हे चरित्रात वाचण्याचे मला आता प्रयोजन उरलेले नाही.